लाल रंगात केलं की झालं? कसलं काय

एक सल्ला सध्या जिकडेतिकडे फिरतोय, की मेलचा ड्राफ्ट असतो चार ओळींचा, त्याला ट्रॅक चेंजेस (वर्डमधली सोय, कोणी काय घातलं नि काय उडवलं ते खुणा करून दाखवते) कशाला, केलेला बदल लाल रंगात करून परत पाठवा, नाहीतर गूगल डॉक्समध्ये टाका, जुन्या आवृत्त्यांची हिस्टरी असतेच, आणि अगदीच वाटलं तर शेवटी दोन कॉप्या कम्पेअर करा.

आधी लाल रंगाचं बघू. जे नवीन घातलं ते लाल दिसेल, मान्य, पण जे उडवलं ते कुठे दिसणार? नसलेल्या शब्दाला रंग कसा देणार बाबा! आणि मेलमध्ये भानगड नेमकी उडवलेल्या शब्दाचीच असते. मी लिहिलं होतं "बहुतेक शुक्रवारपर्यंत पाठवतो", कोणीतरी वाक्य आटोपशीर करायला "बहुतेक" काढलं, लाल काहीच नव्हतं म्हणून मी डोळे झाकून सेंड केलं, आणि खाली नाव माझं, मग शुक्रवारी बोलणी पण मीच खाल्ली. शिवाय प्लेन टेक्स्टमध्ये मेल गेला की रंग गायबच, आणि तिघांनी लाल वापरलं तर कोणाचं कुठलं ते ओळखा आता.

हिस्टरी असते, खरंय. पण ती झाल्यावर सांगते, आधी विचारत नाही. डॉक्समध्ये सजेस्टिंग मोड लावला की प्रत्येक बदल वेगळा दिसतो, नावासकट, घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवता, बाजूला "का बदललं" ते पण लिहिता येतं. हिस्टरी बघायला एडिट ॲक्सेस लागतो, नुसती व्ह्यू लिंक दिलेल्याला ती दिसतच नाही. आणि ड्राफ्ट थेट जीमेलमध्येच लिहीत असाल तर विषयच संपला, तिथे ऑटोसेव्ह जुन्यावर नवीन चढवतं, मागचं काही मिळत नाही.

कम्पेअरचं म्हणाल तर वर्डमधलं चांगलंय, मी पण वापरतो. पण कोडवाल्यांची सवय म्हणून साधं डिफ (दोन फायलींमधला फरक दाखवणारं) लावाल तर फसाल, १९७४ पासूनचं ते टूल ओळीनुसार चालतं आणि आपला अख्खा पॅरा म्हणजे त्याच्यासाठी एकच ओळ, एक स्वल्पविराम हलला तरी सगळा पॅरा बदलला म्हणून दाखवतं (कोडवाल्यांच्या गिटमध्ये शब्दाशब्दातला फरक दाखवणारं वर्ड-डिफ आहे, पण मेलसाठी गिट कोण उघडतंय).

ट्रॅक चेंजेसमध्ये एक धोका मात्र आहे, "नो मार्कअप" (म्हणजे खुणा दाखवू नको) केलं की बदल फक्त लपतात, जात नाहीत, तीच फाइल अटॅच केलीत तर समोरच्याला तुमची आतली सगळी चर्चा वाचायला मिळते, तेव्हा आधी ॲक्सेप्ट-रिजेक्ट करून टाका, कमेंट उडवा आणि मगच पाठवा.