भाच्याच्या गोळ्यांचा ग्रुप 24 पटीमुळे नाही जुळला

नमस्कार काका,

प्रतिक्रिया दोनदा वाचली. चांगलंच सुनावलंत, आणि त्यातलं एक माझ्यावर खरंच लागू आहे. ते पुढे कबूल करतो.

मी लिहिलं होतं की .22 या छोट्या गोळीच्या रायफलने कागदी टार्गेटही फोडायचं आणि शेतात बिळं करणाऱ्या खारीही टिपायच्या, तर 9 ते 12 पटीचा स्कोप (रायफलवरची दुर्बीण) पुष्कळ झाला. तुम्ही म्हणता, टेक्सासमधल्या भाच्याच्या 3-9×40 स्कोपवर (3 ते 9 पट, पुढचं भिंग 40 मिमी) 50 यार्डांवर गोळ्या पांगायच्या. 6-24×50 घेतला आणि पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकायला लागल्या. म्हणून माझा सल्ला जुनाट. वर, कोल्हापूरची पोरं दुर्बिणीशिवाय पदकं आणतात हा टोला! (24 पट हवंच आणि दुर्बीण नसली तरी चालतं, ही दोन्ही एका दमात कशी बसवलीत?)

ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, जुळला असणार, शंका नाही. पण बहुतेक 24 मुळे नाही. त्या नव्या स्कोपच्या डाव्या अंगाला किंवा पुढच्या भिंगाच्या कड्यावर यार्डांचे आकडे असतील बघा. ते पॅरॅलॅक्सचं बटण. जुन्या स्कोपला ते नसणार. साधे 3-9×40 बहुतेक मोठ्या रायफलींसाठी बनतात आणि कारखान्यातच 100 यार्डांवर बसवलेले असतात. त्या अंतरावर क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) आणि टार्गेटचं चित्र एकाच पातळीत येतं. इतर अंतरांवर डोळा जरा सरकला की क्रॉसहेअरही सरकतो, हाच पॅरॅलॅक्स. 40 मिमीच्या भिंगाला 50 यार्डांवर ही चूक मधल्या बिंदूपासून 1 सेंमीपर्यंत जाते, 25 यार्डांवर दीड सेंमीपर्यंत. खारीचं डोकंच मुळी तीन-चार सेंमीचं.

मी हे पाहिलंय. पुठ्ठ्यावर बायकोची टिकली चिकटवली, 25 यार्डांवर उभा केला, रायफल वाळूच्या पिशव्यांत घट्ट बसवली आणि हात मागे बांधून नुसतं डोकं हलवलं. क्रॉसहेअर टिकली सोडून पार पुठ्ठ्यावर गेला. रायफल जागची हललेली नव्हती.

आणि मूळ लेखात मी पॅरॅलॅक्सचा शब्दही काढला नव्हता. ही चूक माझी. .22 साठी स्कोप घेताना पटीच्या आधी हेच बघायला हवं: एकतर 50 यार्डांवर बसवलेला रिमफायर (.22 सारख्या छोट्या गोळीसाठीचा) स्कोप, नाहीतर 25 यार्डांपर्यंत खाली येणारं बटण.

तुमच्या कोल्हापूरच्या मुद्द्यात खरं तर हेच उत्तर आहे. स्वप्निल कुसाळेने 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटरवर कांस्य घेतलं ते पीप साइटवर, म्हणजे दुर्बिणीऐवजी भोकातून नेम धरून. त्या स्पर्धेत दुर्बीण चालतच नाही. दहाचं वर्तुळ 10.4 मिमीचं. पण पीपचं बारीक भोक डोळ्याला आपोआप मधोमध आणतं, गाल रोज त्याच जागी टेकतो, आणि अंतर जन्मभर तेच. क्लबात इतकी वर्षं काढलीत, तुम्हाला मी काय सांगायचं. माझी खार मात्र एकदा 30 यार्डांवर, एकदा 90 वर.

इथे अमेरिकेतल्या आयडाहोत, बॉइझी शहराच्या दक्षिणेला लसूणघासाच्या शेतांत या खारींना ‘व्हिसल पिग’ म्हणतात, शीळ घालतात म्हणून. एप्रिलच्या दुपारी जमीन तापली की 24 पटीत चित्र पाण्याखालचं असल्यासारखं डुलतं. 100 यार्डांवर जेमतेम चार-पाच फूट रुंदीचं शेत दिसतं. खार एका बिळात बुडी मारून शेजारच्यातून वर येते आणि मी रिकामं गवत शोधत बसतो. शिवाय 50 ला 24 ने भागलं की डोळ्यापर्यंत येणारी उजेडाची चकती 2 मिमी उरते. संध्याकाळी अंधारच. बाकावरून 100 यार्डांवरचं .22 चं भोक बघायला मात्र 24 ची मजा आहे, ते कबूल.

खारी मारण्यात कसला पुरुषार्थ, हे विचारलंत. काहीच नाही. शेतकरी बोलावतो, लायसन्स काढतो, जातो. आयडाहोतल्याच ॲडम्स आणि व्हॅली काउंट्यांतली (जिल्ह्यांतली) खारींची एक जात 2000 पासून संरक्षित आहे, तिकडे फिरकत नाही.

भाच्याला एक काम सांगा. पॅरॅलॅक्सचं बटण 50 वर, झूम 9 वर, पाच गोळ्या. मग बटण 200 वर, झूम 24 वर, पाच गोळ्या, आणि दर गोळीला गाल उचलून पुन्हा टेकवायचा. दोन्ही कागदांचे फोटो पाठवा. मी चुकलो असेन तर इथेच वर लावतो.