गुंठ्याचा नववा हिस्सा

कोल्हापुरात कुणालाही ‘परसात काय लावू?’ असं विचारू नये. अंबाबाईचं देऊळ कुठं विचारलं तर माणूस नुसता हात दाखवतो. काय लावू विचारलं की गाडी स्टँडवर लावतो. या गावात प्रत्येकाची कुठं ना कुठं शेती आहे. बँकेतल्या कॅशियरची कागलला आहे, दातांच्या डॉक्टरांची शिरोळला आहे, आणि ज्याची अजिबातच नाही त्याच्या मेहुण्याची आहे. आणि सल्ला देताना यातला एकही जण एकराच्या खाली उतरत नाही.

माझी जागा घरामागं, दहा बाय बारा. म्हणजे १२० चौरस फूट. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे माझ्याकडं गुंठ्याचा जेमतेम नववा हिस्सा, आणि त्यावरनं धुणं वाळत घालायची तार गेलेली.

पंचांगातला वसंत चैत्रात येतो, पण त्याच्या भाजीची तयारी माघातच करावी लागते. सकाळी स्वेटर आणि दुपारी उसाचा रस अशी हवा पडली की समजायचं, वेळ झाली. शिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत निघते आणि होळीत उरलीसुरली जळते. मेथी, वाटाणा, कोबी यांचे दिवस सरले. भेंडी, गवारी, काकडी, दोडका, कारलं यांचे आले. इतकं सरळ आहे. पुस्तकात.

घरात मी हा विषय रविवारी मटणाच्या ताटावर काढला. तांबडा-पांढरा समोर असताना माणसं समजूतदार असतात असा माझा अंदाज होता. बायकोनं लगेच कोथिंबीर मांडली. भाजीवाली पूर्वी पिशवीत वरनं फुकट टाकायची ती काडीभर कोथिंबीरसुद्धा आता मागून घ्यावी लागते, हा तिचा जुना सल. आता ऊन तापल्यावर कोथिंबीर पानं करायचं सोडून थेट फुलावर येते, हे मी सांगितलं. “मग तिला सावली कर,” म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्यासाठी एवढी काळजी मी ऐकलेली नाही.

आई म्हणाली, “मिरची लाव. वर्षाची चटणी घरच्या मिरचीची करतो मी.”

आईची चटणी म्हणजे ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, मग कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ आणि डंकावर उभं राहून स्वतःच्या डोळ्यांदेखत केलेलं कांडप. मी हिशोब सांगायला लागलो. आता बी टाकलं तर रोप लावणीला यायला पाच-सहा आठवडे. मग फूल, मग हिरवी मिरची, मग ती झाडावर लाल होणार, तोवर मृग दारात. वाळवायची कुठं? आणि चार किलो वाळकी मिरची पाहिजे तर ओली पंधरा-सोळा किलो निघायला पाहिजे. शिवाय यंदाची चटणी तर पाडव्याच्या आसपास बरणीत जाऊन बसते.

“मग ही पुढच्या वर्षाची,” आई म्हणाली आणि पांढऱ्याची वाटी पुढं केली.

मुलीला स्ट्रॉबेरी पाहिजे होती. महाबळेश्वरला खाल्ल्यापासनं तिला बाकी सगळी फळं मागासलेली वाटतात. तिला थंडी लागते गं, म्हटलं, तर “फ्रीजजवळ लावूया की.”

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण बायकोनं हौसेनं शिरोळला मामांना फोन लावला, आणि मामांनी माझ्याशी बोलायचं आहे असं सांगितलं.

“पावणं, सुरूचा हंगाम हातातनं निघालाय.”

सुरू म्हणजे उसाची लागण, डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतची. म्हटलं, “मामा, जागा दहा बाय बारा आहे.”

“असू दे की. ८६०३२ लावणार का २६५?”

ज्याला उसाच्या जातींचे हे दोन आकडे कळत नाहीत त्यानं कोल्हापूर जिल्ह्यात कुणाच्या लग्नाच्या पंगतीत बसू नये. बोलायला विषयच उरत नाही. मी म्हटलं, घरचे भाजीचं म्हणतायत. त्यांनी ऐकलं नाही. एकरी पन्नास टन धरून त्यांनी तोंडी हिशोब केला आणि माझ्या परसात एकशे अडतीस किलो ऊस बसवला. तोडायला टोळी कुठली आणायची विचारलं, तर म्हणाले कारखान्याला नोंद घाला. गल्लीत ट्रॅक्टर वळणार नाही म्हटलं, तर बैलगाडी सुचवली. आणि फोन ठेवता ठेवता, “पुढच्या वर्षी खोडवा धरायचा. त्याला बेण्याचा खर्च न्हाई.” खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटणारं पीक. एकशे अडतीस किलोची पहिली उचल, म्हणजे दराचा पहिला हप्ता, कारखान्याकडं किती मागायची, हे विचारायचं माझं राहून गेलं.

शेजारचे सर निवृत्त झाल्यापासनं आमच्या भिंतीवरनं खाली बघत असतात. ते इतिहासाचे. “शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या बाजूला चहा-कॉफी लावून बघितली होती, ठाऊक आहे?” म्हणाले. ठाऊक होतं. “आणि तुम्ही भेंडी लावणार.” त्यांच्या आवाजात अख्ख्या संस्थानाची निराशा होती. “नवं काहीतरी करा. निदान ब्रोकोली.” ब्रोकोली थंडीतली, फेब्रुवारीत लावली तर गड्डा धरायच्या आत फुलून जाईल, असं म्हटलं. “प्रयोग म्हणतात त्याला,” सर म्हणाले, आणि प्रयोग माझ्या हद्दीत ठेवून आत गेले.

मग बियाणाचं दुकान. काउंटरवरच्या माणसानं मान वर न करता विचारलं, “किती एकर?” चौरस फूट हा शब्द तिथं मोठ्यानं म्हणवेना. मागं रांगेत द्राक्षवाले असावेत अशी माणसं उभी होती. मी भेंडीचं सगळ्यात लहान पाकीट मागितलं. पुढच्या बाजूला एका बाईंच्या हातात हातभर लांब भेंड्या. मागच्या बाजूला मुंगीच्या अक्षरात ‘पेरणीचा हंगाम : खरीप, रब्बी, उन्हाळी’. म्हणजे लावा कधीपण. आत लग्नात वाटतात त्या बडीशेपेसारखं गुलाबी बी, आणि त्यावर औषध लावलेलं आहे, खाऊ नये, अशी सूचना. सूचना बरी, नाहीतर मुलीनं मूठभर तोंडात टाकलं असतं.

मागच्या गिऱ्हाइकानं खांद्यावरनं वाकून सांगितलं, “हेक्टरी दहा किलो बी, वीस टन शेणखत. कमी करू नका.” मोबाईलवर भागाकार केला. अकरा ग्रॅम बी आणि बावीस किलो शेणखत. कोल्हापुरात शेणखत मिळणं अवघड नाही, बावीस किलो मिळणं अवघड आहे. ट्रॉलीच्या खाली कुणी बोलतच नाही. म्हशीवाल्याला फोन केला तर त्यानं दोनदा विचारलं, “किलो? किलो म्हणालासा?” आणि मग पोतं घेऊन तूच ये, म्हणाला.

उन्हाचा हिशोब तर कुणी विचारातच घेतला नव्हता. आमच्या दक्षिणेला तीन मजली घर. फेब्रुवारीत सूर्य तिकडनं कलून जातो, त्यामुळं त्या घराची सावली अर्ध्या वाफ्यावर. मेच्या सुरुवातीला तोच सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो, तेव्हा भर दुपारी खांबालासुद्धा सावली नसते. म्हणजे कोवळ्या रोपाला ऊन पाहिजे तेव्हा शेजाऱ्याची सावली, आणि सावली पाहिजे तेव्हा शेजाऱ्याचा काही उपयोग नाही.

शेवटी एकदाचा कंडका पाडूया म्हणून मी वाटणी काढली. नळाजवळचा भाग बायकोला, कोथिंबिरीसाठी. उत्तरेचा उन्हातला भाग आईला, मिरचीसाठी. रोपं नर्सरीतनं आणायची. कोपरा मुलीला. स्ट्रॉबेरीऐवजी काकडीवर ती तयार झाली, कारण काकडीला नर फूल वेगळं आणि मादी फूल वेगळं, आणि मादी फुलाच्या बुडाला आधीच बारकी काकडी असते, हे तिला फार मजेशीर वाटलं. उरलं ते माझं, भेंडीचं. तारेवर दोडक्याचा वेल सोडायचा माझा बेत होता, तो साड्यांच्या बाजूनं फेटाळला गेला. मध्ये विटा ठेवून बांध घातले.

धणे पेरायचं काम आईनं स्वतःकडं घेतलं. पोत्यावर धणे पसरले, जुन्या कोल्हापुरी चपलेचा एक पाय हातात घेतला आणि हलक्या हातानं रगडायला लागली. एका धण्याच्या दोन फाकी व्हायला पाहिजेत, टरफल सुटायला नको. जरा जोर दिला की बियाणाचा मसाला होतो. आई कानानं ओळखते, ‘कर्र’ असा आवाज आला की थांबते, धणे परतते, परत रगडते. बायको शेजारी बसून, हा वाफा माझा आहे, याची अधूनमधून आठवण करून देत होती.

नंतर माझ्या लक्षात आलं की आईकडच्या विटा चार बोटं माझ्या भेंडीत आल्यात.

“पावसानं सरकल्या असतील,” आई म्हणाली.

“फेब्रुवारीत कुठला पाऊस?”

“मग मांजर.”

मांजर उकरलेल्या मातीत येतं हे खरं आहे, पण विटा एका रेषेत सरकवणारं मांजर अजून आमच्या गल्लीत नाही. बायको म्हणाली, मोजणी आणा. मुलगी माझ्या बाजूनं साक्ष द्यायला तयार होती, पण तिला बदल्यात स्ट्रॉबेरी पाहिजे होती. बांधाची भानगड आहे म्हटल्यावर मामांचा फोन आपणहून आला.

“पावणं, मोजणीच्या नादाला लागू नका, पिढ्या जातात. बांधावर दोन नारळ लावा. झाड सरकत न्हाई.”

आता आई म्हणते बाणवली जातीचा नारळ लावूया, मामा म्हणतात टी बाय डी हा संकरित, लवकर धरतो. दोन नारळांमध्ये पंचवीस फूट अंतर लागतं. माझा बांध बारा फुटांचा आहे, म्हणजे दुसरा नारळ सरांच्या हद्दीत जातो, आणि त्या जागी, सर कालच भिंतीवरनं म्हणाले, ते स्वतःच ब्रोकोली लावणार आहेत.