"ताई, एवढ्यावर वालचंद मिळेल का?"

इंजिनीअरिंगच्या सीईटीचा, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की सांगलीत हा प्रश्न सगळीकडे ऐकू येतो. वालचंद म्हणजे इथलं नावाजलेलं इंजिनीअरिंग कॉलेज. भाजी घेताना, बँकेच्या रांगेत, गणपती मंदिराच्या आवारात. आणि उत्तर देणाराही कुणीतरी तयार असतोच: "छे छे, सत्त्याण्णव पर्सेंटाइलच्या खाली नाव काढू नका." हा आकडा कुणाच्या तरी पुतण्याचा असतो. कुठलं वर्ष, कुठली ब्रँच, कुठला प्रवर्ग, कितवी फेरी, कुणी विचारत नाही. आणि समोरचं पोर तेवढ्यावर खचतं.

२०२५ ला हे माझ्या घरातच घडलं. भाची तासगावची, ९५.८ पर्सेंटाइल, ओबीसी. घरची द्राक्षबाग आहे. शेतीची लाईट रात्रीची, आणि मोटारीचा स्टार्टर बिघडला की टेस्टर घेऊन विहिरीवर जाणार हीच. तिला इलेक्ट्रिकलच करायचं होतं. पैसे घेऊन फॉर्म भरून देणाऱ्या एका समुपदेशकाने पाच मिनिटांत पुण्यातल्या खासगी कॉलेजांची यादी हातात ठेवली, सगळीकडे कॉम्प्युटर. त्यात वालचंद नाही, कराडचं सरकारी कॉलेज नाही. म्हणाला, "ते टाकून ऑप्शन वाया जातील." त्या रात्री पोरगी जेवली नाही. मला त्या माणसाचा राग आजही आहे, कारण त्याने सांगितलं ते साफ चूक होतं.

ऑप्शन वाया जात नाही. फॉर्ममध्ये कॉलेज आणि ब्रँचचे ३०० पर्याय टाकता येतात. वाटप मेरिटच्या क्रमाने होतं. तुमचा नंबर आला की तुमचा पहिला पर्याय बघतात, तिथे जागा नसेल तर दुसरा, मग तिसरा. वरचा मिळाला नाही म्हणून खालच्यावरचा तुमचा हक्क जात नाही. म्हणून अवघड वाटणारं कॉलेजही मनात असेल तर वर टाकायचंच.

मग आम्ही दोघींनी, ही परीक्षा आणि प्रवेश बघणाऱ्या सीईटी सेलच्या मागच्या तीन वर्षांच्या कटऑफ याद्या काढल्या आणि वहीत उतरवायला बसलो. दोन संध्याकाळी गेल्या. त्या याद्यांत प्रत्येक रकान्यात दोन आकडे असतात, वर मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल. लोक कंसातलाच वाचतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण किती जणांना पडले त्याचं ते प्रमाण. समजा चार लाख मुलं बसली, तर एका पर्सेंटाइलमध्ये चार हजार मुलं येतात. पुढच्या वर्षी मुलं वाढली की त्याच पर्सेंटाइलवर तुमच्यापुढे जास्त जण उभे असतात. शिवाय राज्याच्या मेरिट यादीत कॅपसाठी, म्हणजे या सामाईक प्रवेशफेऱ्यांसाठी, नोंदणी केलेलीच मुलं असतात. त्यामुळे अंदाज बांधायचा तर मेरिट नंबरला मेरिट नंबर लावून बघा.

दुसरं, रकाना आपला आहे का ते बघा. रकान्याच्या नावातलं पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींसाठीच्या ३० टक्क्यांतली जागा. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटी, म्हणजे त्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांची जागा, ओ असेल तर बाहेरची, एस असेल तर राज्यस्तर. ओबीसी मुलीचा विचार खुल्या जागेसाठीही होतो, मुलींच्या जागेसाठीही, ओबीसीसाठीही. आमच्या समुपदेशकाने फक्त खुला रकाना पाहिला होता! (जात वैधता आणि चालू वर्षाचं नॉन-क्रिमीलेअर हातात नसेल तर मात्र ही सगळी आकडेमोड कोसळते. त्यासाठी निकालाची वाट बघू नका.)

कटऑफ म्हणजे त्या फेरीत आत गेलेल्या शेवटच्या मुलाचा नंबर, एवढंच. तो आधी कुणी ठरवलेला नसतो. तीन वर्षांत तो कुठून कुठे हलला ते पाहिलं की अंदाज येतो. आपला नंबर त्या पट्ट्याच्या आत असेल तर आशा धरावी, जवळपास असेल तर नशीब, फार लांब असेल तर मनाची तयारी ठेवावी.

पसंतीचा क्रम मात्र खरा लावा. २०२५ ला नियमच आला: पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप फ्रीझ (तीच जागा पक्की, पुढच्या फेऱ्या बंद), दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून नको असलेलं कॉलेज वर टाकलं, तर तेच गळ्यात पडतं.

भाचीने वालचंद इलेक्ट्रिकल पहिलं टाकलं, कराडच्या सरकारी कॉलेजचं इलेक्ट्रिकल दुसरं. पहिल्या फेरीत इस्लामपूरचं कॉलेज आलं, बेटरमेंट घेतलं, म्हणजे ती जागा हातात ठेवून वरच्या पर्यायासाठी पुढच्या फेरीत गेलो. दुसऱ्या फेरीत कराड आलं आणि फ्रीझ झालं. वालचंद हुकलं याचं तिला दोन दिवस वाईट वाटलं, मलाही वाटलं. आता ती कराडजवळच्या सैदापूरच्या हॉस्टेलवर आहे आणि सुट्टीत घरी आली की वडिलांना पॅनेलमधलं वायरिंग समजावून सांगते.

ती तीन वर्षांची वही माझ्याकडे अजून आहे. ओळखीतल्या कुणाच्या मुलाचा यंदा निकाल असेल तर मेरिट नंबर आल्यावर संध्याकाळी घरी या, बसून बघू. पैसे कुणाला देऊ नका.