अख्खा सॅक्सोफोन टबात बुडवू नका
जुना, चांदीचा मुलामा दिलेला सॅक्सोफोन काळा पडला असेल तर हा उपाय करा म्हणून एक फॉरवर्ड फिरतोय. टबात अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरा, बेकिंग सोडा टाका, उकळतं पाणी ओता, अख्खा सॅक्स बुडवा, उरलेलं काळं टूथपेस्टने घासा, हिरव्या डागांवर रात्रभर व्हिनेगर ठेवा, चकचकीत झाला की भावही चांगला येतो, वगैरे.

फॉइलचं केमिस्ट्री खरंय, ते मान्य. तो काळा थर म्हणजे सिल्व्हर सल्फाइड, अ‍ॅल्युमिनियम त्यातला गंधक ओढून घेतं आणि चांदी उरते, कुजक्या अंड्यांचा वास येतो तो त्याचाच. चमच्यांना मस्त चालतं. पण सॅक्सच्या कीजना, म्हणजे बोटांनी चालवायच्या झाकणांना, भोकं बंद करणारे पॅड असतात, वरून चामडं, आत फेल्ट नि पुठ्ठा, तेही लाखेने नाहीतर हॉट ग्लूने चिकटवलेले, मग उकळत्या पाण्यात त्यांचं काय होणार? शिवाय जुन्या सॅक्सच्या सुईसारख्या स्प्रिंगा बहुतेक स्टीलच्या, कीज ज्यांवर फिरतात ते रॉडही स्टीलचे, आत पाणी राहिलं की गंज, आणि गंजकी स्प्रिंग नेमकी वाजवताना तुटते. सगळ्या कीज, पॅड, स्प्रिंगा काढून नुसती बॉडी उरली असेल तरच हा प्रकार करायचा विचार करा.

टूथपेस्ट तर अजिबात नको. त्यात सिलिका किंवा चुन्यासारखी खरखरीत पावडर असते, ती दाताच्या इनॅमलसाठी ठीक, चांदी त्याहून कितीतरी मऊ. मुलामा मायक्रॉनमध्ये मोजायचा असतो हो! आणि एक गंमत बघा, पॉलिश लावून घासलं की फडकं काळं होतंच, धातू स्वच्छ झाला तरी होतं, कारण आता निघतेय ती चांदीच, आणि लोकं "अजून मळ निघतोय" म्हणून आणखी जोर लावतात, शेवटी कडांवर पितळ दिसायला लागतं आणि बेलवरचं, म्हणजे सॅक्सच्या रुंद तोंडावरचं, नक्षीकाम बोथट होतं. फडक्याकडे नाही, धातूकडे बघा. पिवळं दिसलं म्हणजे पितळच असंही नाही, सल्फाइडचा पातळ थरसुद्धा पिवळसर दिसतो, चांदीच्या मऊ कापडाने एका कोपऱ्यात हलकं पुसून बघा, पांढरं झालं तर मुलामा शाबूत आहे.

हिरवं मात्र वेगळं प्रकरण, ते खालच्या पितळेतल्या तांब्याचं, म्हणजे तिथे मुलामा आधीच फुटलाय. फॉइल त्याला काही करत नाही. रात्रभर व्हिनेगर ठेवलं तर पितळेतलं जस्त निघून गुलाबी डाग पडू शकतात. बऱ्याचदा ते जुन्या तेलात मिसळलेलं किटण असतं, सुट्या बॉडीवर कोमट साबणपाणी आणि लाकडी काडीने निघतं. नाहीच निघालं तर पाणी घातलेलं व्हिनेगर कापसाच्या बोळ्याने काही मिनिटं, लगेच धुवायचं, कोरडं करायचं.

भावाचं म्हणाल तर 1920 च्या दशकातल्या कितीतरी अमेरिकन सॅक्सना मुद्दाम मॅट फिनिश दिलेलं असायचं, बेलच्या आत सोन्याचा अगदी पातळ हात. मॅट भाग रगडून चकचकीत केला की तो परत मॅट होत नाही, सोनं तर घासताघासता जातंच. जाणकार गिऱ्हाईक काळपटपणाला घाबरत नाही, तो नंतरही काढता येतो.

आणि पॅड बंद ठेवायला कीजवर रबरबँड लावत असाल तर तो आधी काढा, रबरात गंधक असतो, त्याच्याखाली काळी पट्टी उमटते.