गोठ्यातला घटसर्प आणि घरातला

मे महिन्यात मामाकडे गेले की एक वाक्य हमखास कानावर येतं, "पावसाच्या आत गुरांना घटसर्पाचं टोचून घ्यायचंय." यंदा मी सहज विचारलं, "आणि बारक्याला?" बारक्या म्हणजे मामाचा नातू, वय ११. मामी हसली. "अगं, तो जनावरांचा रोग!"

नाव एक, रोग दोन. गुरांच्या घटसर्पाचा जंतू वेगळा. माणसाचा घटसर्प म्हणजे डिप्थेरिया. घसा दुखतो, बेताचा ताप येतो आणि टॉन्सिलवर राखाडी पडदा धरतो. तो खरवडला की रक्त येतं. जंतू घशातच राहतो, विष मात्र हृदयापर्यंत पोचतं. घसा उतरला म्हणून घरचे निर्धास्त होतात आणि नंतर हृदय दगा देतं.

अँटिबायोटिकने जंतू मरतो, विष नाही. त्यावर उतारा घोड्याच्या रक्तातून काढलेल्या अँटिटॉक्सिनचा, तोही विष पेशींत शिरायच्या आत. म्हणून रिपोर्टची वाट बघत बसायचं नसतं. वैद्यकाचं पहिलं नोबेल १९०१ मध्ये बेरिंग यांना मिळालं ते याच कामासाठी. आणि २०१८ मध्ये दिल्लीत मुलं दगावली तेव्हा याच औषधाच्या तुटवड्याची ओरड झाली!

तान्ह्या बाळांच्या लसींचं आपण नीट बघतो. ६, १०, १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट म्हणजे पाच रोगांवरची एकत्र लस, त्यात घटसर्पही आला, दीड वर्षाच्या आसपास बूस्टर. आशाताई दारात येऊन आठवण करतात. मग कार्ड ट्रंकेत जातं. पाचव्या वर्षीचा बूस्टर, १० आणि १६ व्या वर्षीची टीडी कोणाच्या लक्षात राहते? लसीचा जोर वर्षांगणिक ओसरतो, म्हणून आता शाळकरी मुलंही सापडतात. त्यात टीडीला सगळे 'धनुर्वाताचं इंजेक्शन' म्हणतात. त्यातला 'डी' घटसर्पाचा, हे सांगतं कोण?

आयांना बोल लावण्यात मला अर्थ वाटत नाही. शाळाप्रवेशाला आधार मागता, तसं लसीचं कार्डही बघा. डोस राहिला म्हणून प्रवेश अडवू नका, सिस्टरलाच वर्गात बोलवा.

बारक्याचं कार्ड सापडलं. दीड वर्षानंतरचे रकाने कोरे. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी मामी त्याला उपकेंद्रात घेऊन गेली. सिस्टरने टोचलं, कार्ड भरलं आणि विचारलं, "थोरली सोळाची झाली ना हो? तिला का नाही आणली?"