सूनबाई, गाडी मोकळी करा

अडीचशे रुपये म्हणजे काही फार नाहीत. आमच्याकडे एवढ्याचे डायपर दोन दिवसांत कचऱ्यात जातात. पण दुसऱ्याच्या दळणापायी गेलेले अडीचशे रुपये फार असतात. ते माझ्या घशात अजून अडकलेत.

दिवाळीत विमानाने नागपूरला जायचंय. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा अकरा महिन्यांचा, आणि प्रवासाचं नाव काढलं की नवऱ्याची पाठ धरते. तेव्हा छोटासा घडीचा स्ट्रोलर घ्यावा असं ठरलं. "तू बघून ये, आवडला तर आपण ऑनलाइन घेऊ," असं म्हणून नवरा मीटिंगला बसला. मी दोन्ही पोरं घेऊन कोथरूडमधल्या एका दुकानात गेले.

सेल्समन उत्साही होता. "मॅडम, एक बटण, एक हात!" असं म्हणत त्याने गाडी झटक्यात मिटली आणि झटक्यात उघडली. त्याचा दुसरा हात खिशात होता. माझ्या दुसऱ्या हातात नऊ किलोंचं पोर होतं आणि त्याच्या मुठीत माझे केस होते. या परिस्थितीत घडी करून दाखव म्हटलं, तर तो नुसता हसला. तेवढ्यात थोरलीने स्ट्रोलरमध्ये बैठक मारली, पट्टा स्वतःच्या हाताने खटकन लावला आणि जाहीर केलं, "ही माझी गाडी आहे." ज्याच्यासाठी गाडी घ्यायची, त्याने भोकाड पसरलं. सेल्समनलाही आता आम्ही दुकानाबाहेर हवे होतो. "बाहेर एक चक्कर मारून बघा ना," तो म्हणाला.

या असल्या घडीच्या गाडीचा जनक कोण, हे मला माहीत आहे. रात्री दोन वाजता पोर अंगावर पीत असताना माणूस फोनवर काहीही वाचतो. ओवेन मॅक्लारेन नावाचे इंग्रज इंजिनिअर होते. स्पिटफायर विमानाची चाकं आत-बाहेर करणाऱ्या यंत्रणेवर त्यांनी काम केलं होतं. निवृत्तीनंतर लेक नातवंड घेऊन आली, तिची ती अवजड बाबागाडी बघून त्यांनी 1965 साली ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंच्या आतली गाडी तयार केली. त्याच्याही आधी, 1733 मध्ये, विल्यम केंट यांनी एका ड्यूकच्या मुलांसाठी शेळी किंवा तट्टू जुंपायची गाडी बनवली होती. हे मी थोरलीला सांगितल्यापासून तिला शेळी हवी आहे. शेळी पुण्यात मिळेलही. ती जुंपून न्यायची कुठून, हा प्रश्न आहे.

कारण दुकानाबाहेर आधी तीन पायऱ्या. त्या उतरल्या की फुटपाथ. फुटपाथच्या तोंडाशी दुचाक्या चढू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवलेले. त्या खांबांमधून स्ट्रोलर जात नाही. बाजूने मात्र एक ॲक्टिव्हा आरामात वर आली आणि माझ्यावरच हॉर्न वाजवून गेली.

तिथे आजोबा भेटले.

शेजारच्या मेडिकलच्या पायरीवर ते टेकले होते. डोक्याला पांढरी टोपी, पायाशी स्टीलचा मोठा डबा. गिरणीतून आणलेलं दळण. पीठ गरम होतं, म्हणून झाकण नुसतं तिरकं ठेवलेलं.

"किती बसतात?" त्यांनी विचारलं.

"एक."

"आणि पोरं दोन."

"मोठी चालते."

"मी चालत नाही," गाडीतून आवाज आला.

आजोबा उठले. गाडीभोवती पूर्ण एक प्रदक्षिणा घातली, मग गुडघे कडकड वाजवत खाली बसले आणि पुढचं चाक दोन बोटांत धरून हलवलं. "प्ले आहे," ते म्हणाले.

"काय आहे?"

"चाकाला प्ले आहे. हे बघा, हलतंय. चौतीस वर्षं एसटीच्या दापोडी वर्कशॉपला काढली मी. असली गाडी आम्ही गेटबाहेर सोडली नसती. लोड टेस्ट घेतली का?"

"त्यावर लिहिलंय, बावीस किलोपर्यंत चालते."

"लिहिलेलं असतंच, सूनबाई. आमच्याही गाडीत आसनसंख्या लिहिलेली असायची. गणपतीत कोकणच्या गाडीला माणसं किती असायची, ते विचारा."

मी विचारलं नाही. तरी त्यांनी सांगितलं. टपावरची माणसं धरून सांगितलं. धाकटा आता माझ्या कानातल्याकडे वळला होता. "बरं, येते हं," असं म्हणत मी थोरलीला गाडीतून काढायला लागले. ती निघेना. चॉकलेट झालं, बागेचं आमिष झालं, बाबांना सांगेन ही धमकीसुद्धा झाली. आजोबांनी खिशातून हात काढला, गाडीच्या दांड्यावर टक-टक वाजवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "चला, उतरा, उतरा! गाडी डेपोत चालली!"

थोरली उतरली. मुकाट्याने, पट्टा काढून. माझं ती जन्मापासून ऐकत नाही.

मी या अपमानातून सावरेपर्यंत गाडीत दळणाचा डबा बसला होता. आजोबांनी त्याला पट्टा लावला, दोन्ही खांद्यांवरचे आणि मधला, आणि ओढून बघितला. माझ्या मुलांना कधी कोणी इतक्या काळजीने बसवलेलं मी पाहिलेलं नाही. "आठ किलो गहू आहेत. तुमच्या बाळाएवढंच वजन. जरा कोपऱ्यापर्यंत चालवून बघू," असं म्हणून ते चालायलाच लागले. गाडी दुकानाची. सोडून कशी देणार? मी मागे. काखेत धाकटा, बोटाला थोरली, आणि पुढे ऐटीत आठ किलो पीठ.

समोरून एक बाई आल्या. स्ट्रोलर दिसल्यावर बायकांचा चेहरा आपोआप मऊ होतो, तसा त्यांचा झाला. "अगं बाई, झोपलंय वाटतं," असं पुटपुटत त्या हौसेने वाकल्या. आत डबा. त्यांनी डब्याकडे बघितलं, मग काखेतल्या रडणाऱ्या पोराकडे, मग माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

रस्ते कसे बांधावेत याचे निकष ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था आहे, तिची पादचाऱ्यांसाठी नियमावली आहे. फुटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी आणि त्याची उंची 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, असं तिच्यात लिहिलंय. लिहिलेलं असतंच, सूनबाई. आमच्या त्या फुटपाथवर विजेचा डीपी, त्याला टेकलेली चहाची टपरी, टपरीला टेकलेली माणसं, आणि उरलेल्या जागेत उखडलेले पेव्हर ब्लॉक आहेत. पोरं काय, दोन वर्षांत पळायला लागतील आणि माझी सुटका होईल. आमच्या तळमजल्यावरच्या काकू व्हीलचेअरवर असतात. त्यांना फाटकाबाहेर मी फक्त रिक्षात चढवताना पाहिलंय. रस्ता त्यांच्या फाटकापासून दहा पावलांवर आहे. दरवर्षी खोदला जातो, दरवर्षी नवे ब्लॉक बसतात, आणि दरवर्षी फुटपाथ बोटभर आणखी उंच होतो. कोणाच्या सोयीसाठी, ते एकदा कोणीतरी सांगावं.

असो. अशाच एका नसलेल्या ब्लॉकच्या जागी स्ट्रोलरचं पुढचं चाक गेलं. गाडी जागच्या जागी थांबली. डबा पट्ट्यामुळे हलला नाही, पण तिरकं झाकण हललं, आणि काळ्याभोर, मऊ, अकरा हजार नऊशे रुपयांच्या सीटवर गरम गव्हाचं पीठ सांडलं.

"बघा!" आजोबांच्या चेहऱ्यावर निव्वळ आनंद होता. "प्ले आहे म्हटलं नव्हतं?" त्यांनी डबा उचलला, आत वाकून अंदाज घेतला, "पावशेर गेलं," असं माझ्याकडे रोखून बघत म्हणाले, आणि समोरच्याच सोसायटीच्या फाटकातून आत गेले. मला आधी वाटायचं, लोड टेस्ट म्हणजे काही शास्त्रीय प्रकार असावा. त्यांना घरापर्यंत ओझं न्यायचं होतं, इतकंच.

पीठ झटकलं तर आणखी पसरलं. ओल्या वाइपने पुसलं तर त्याची कणीक झाली. घडी करायला गेले तर एक बटण, एक हात, एक गुडघा आणि थोरलीचा पाय लावूनही गाडी मिटेना. तशीच उघडी गाडी तीन पायऱ्या उचलून वर नेली. मदतीला कोणी आलं नाही, सल्ल्याला टपरीवरचे चौघे आले.

दुकानाच्या मालकांनी चष्मा वर करून सीटकडे बघितलं. "मॅडम, हा पीस आता विकायचा कसा?"

"अहो, पीठ माझं नाही. त्या आजोबांचं आहे."

"हो, पण आजोबा तुमचेच ना?"

"छे! मी ओळखतही नाही त्यांना."

"असं कसं? ते तुम्हाला सूनबाई म्हणत होते. आम्ही ऐकलं ना इथून." सेल्समनने मान डोलावली. मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, घरात काही वाद असतील, त्यात आम्ही पडत नाही. पण सासऱ्यांना असं ओळखत नाही म्हणणं..."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघींनीही माझ्याकडे बघितलं. एक सासूच्या वयाची होती.

मी ड्रायक्लीनिंगचे अडीचशे रुपये मोजले. पावती मागितली, मिळाली नाही. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, "पण घडी सोपी होती का?"

काल दळण टाकायला गिरणीत गेले, तर आजोबा रांगेत पुढेच. मी मनात अडीचशेचा विषय काढायची वाक्यं जुळवत होते. तेवढ्यात त्यांनीच ओळखलं.

"घेतली का ती गाडी?"

"नाही."

"चांगलं केलंत. भार अजिबात सोसत नाही." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाले, "आज पोरं नाहीत वाटतं बरोबर? बरं झालं. हा डबा जरा त्या बाजूने धरा, सूनबाई."