प्रत्येक विंडोला नवा ‘टीके()’ लावू नका

गेल्या आठवड्यात रात्री अकराला भाचीचा फोन. डिप्लोमाचा प्रोजेक्ट, पायथनमध्ये वाचनालयाची नोंदवही, विंडो ‘टीकेइंटर’नं म्हणजे पायथनच्या विंडो बनवायच्या लायब्ररीनं केलेल्या. “मावशी, फॉर्ममध्ये नाव टाइप करते, सेव्ह दाबते आणि फाइलमध्ये नाव रिकामंच जातं. एररही येत नाही गं.” कोड मागवला. लॉगिनची विंडो ‘टीके()’ (टीकेइंटरमध्ये मुख्य विंडो तयार करायची आज्ञा), नोंदणीची विंडो परत ‘टीके()’, शोधायचीही ‘टीके()’. हे कुठून शिकलीस म्हटल्यावर तिनं ग्रुपवर फिरणारा मेसेज पाठवला: ‘टीकेइंटरचे चार सोनेरी नियम’. मलाही तो दोन ग्रुपवर आला होता. तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं.

नियम पहिला: ‘जितक्या विंडो, तितके टीके().’ खरं नुकसान या एका वाक्यानं केलंय. टीके() म्हणजे नुसती खिडकी नव्हे. टीकेइंटरच्या पोटात टीसीएल नावाची वेगळी भाषा चालते, जॉन ऑस्टरहाउट यांनी बर्कलीत तयार केलेली. पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन सांगतं की प्रत्येक टीके ऑब्जेक्टसोबत त्याचा स्वतःचा टीसीएल इंटरप्रिटर, म्हणजे ती भाषा चालवणारा भाग, येतो. तीन टीके() लिहिले की एका प्रोग्रॅममध्ये तीन बिऱ्हाडं मांडली, आणि एकाच्या डब्यातलं दुसऱ्याला दिसत नाही.

भाचीनं ‘स्ट्रिंगव्हार()’, म्हणजे टाइप केलेला मजकूर धरणारा व्हेरिएबल, रिकाम्या कंसाचा लिहिला होता. मालक सांगितला नाही, तर तो पहिल्या टीकेकडे जातो. नाव टाइप करायची चौकट, म्हणजे एंट्री, मात्र दुसऱ्या टीकेत. दोन्हीकडे व्हेरिएबलचं नाव तेच, साठवण वेगवेगळी. ती लिहीत होती एका घरात, प्रोग्रॅम वाचत होता दुसऱ्या घरात. चित्र लावलं असतं तर निदान ‘पायइमेज1’ सापडत नाही अशी एरर तरी आली असती. इथं काहीच नाही, डेटा गुपचूप गायब. शिकणाऱ्या मुलीला हे कसं कळावं?

टीके() एकदाच. ती मुख्य विंडो म्हणजे रूट. बाकीच्या सगळ्या विंडो ‘टॉपलेव्हल(रूट)’, म्हणजे त्याच टीकेच्या जादा विंडो. लॉगिन आधी दाखवायचं असेल तर रूट ‘विथड्रॉ()’नं लपवा, लॉगिन टॉपलेव्हलमध्ये घ्या, पासवर्ड जुळला की ती विंडो ‘डिस्ट्रॉय()’ आणि रूट ‘डीआयकॉनिफाय()’नं परत दाखवा. लॉगिनच्या फुलीवर क्लिक केल्यावर रूटही बंद होईल अशी सोय ‘प्रोटोकॉल’नं करा, नाहीतर लपलेला प्रोग्रॅम मागे चालूच राहतो.

पहिला टीके() पूर्ण डिस्ट्रॉय करून मगच दुसरा केला तर चालतं, एवढं मान्य. पण मेसेजमध्ये ते म्हटलेलं नाही.

नियम दुसरा: ‘मेनलूप लिहिलं नाही तरी चालतं.’ मेनलूप म्हणजे विंडो चालू ठेवून क्लिक-टायपिंगची वाट पाहणारा इव्हेंट लूप. त्याशिवाय चालतं, पण आयडलमध्ये, म्हणजे पायथनसोबत येणाऱ्या एडिटरमध्ये! आयडल सेकंदाला साधारण 20 वेळा विंडो स्वतःहून अपडेट करत असतं, म्हणून ती दिसते. तीच फाइल कमांड प्रॉम्प्टवरून चालवा. विंडो दिसायच्या आत प्रोग्रॅम संपलेला असेल.

तिसरा: ‘थोडं थांबायचं असेल तर टाइम.स्लीप वापरा.’ बटणाच्या फंक्शनमध्ये स्लीप टाकलं की अख्खा इव्हेंट लूप अडतो. क्लिक, टायपिंग, विंडो पुन्हा रंगवणं, सगळं रांगेत. तसंच 5 सेकंद गेले की विंडोज ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ लिहून मोकळं. त्यासाठी ‘रूट.आफ्टर(2000, फंक्शन)’ आहे. तिथं फंक्शनच्या नावापुढे कंस लावू नका, लावलात तर ते त्याच क्षणी चालेल.

चौथा नियम म्हणे ‘टीकेइंटर मेलंय, शिकून उपयोग नाही.’ मग त्याचे नियम का वाटता? आयडल स्वतः टीकेइंटरमध्ये लिहिलंय, आणि टीकेइंटर ज्यावर चालतं त्या टीसीएल/टीकेची 9.0 आवृत्ती सप्टेंबर 2024मध्ये आली. जुनी विजेट्स, म्हणजे बटणं-चौकटी, जुनाट दिसतात हे खरं, तेवढ्यासाठी टीकेइंटरमधलाच नव्या रूपाच्या विजेट्सचा भाग, टीटीके, वापरा.

भाचीनं त्याच रात्री दोन टीके() काढून टॉपलेव्हल केले आणि नाव फाइलमध्ये आलं. तिच्या बॅचचं सबमिशन सोमवारी आहे आणि तोच मेसेज सगळ्यांकडे आहे. ज्यांनी तो पुढे पाठवलाय, त्यांनी त्याच ग्रुपवर आजच दुरुस्ती टाकावी: टीके() एकदा, बाकी टॉपलेव्हल.